रणमाल्याची जत आणि छापील समीक्षेची मोजपट्टी

गोव्याच्या नकाशावर सुर्ला हे नाव एकाहून अधिक ठिकाणी आढळते. डिचोली तालुक्यातील सुर्ला नदीकाठी वसले आहे. होडीने नदी ओलांडण्याच्या जागेला गोव्यात 'तार' म्हणतात. या गावाच्या तारीवर मशीद आहे आणि भोवतालच्या डोंगरांनी लोहखनिजाच्या खाणींचा काळ पाहिला आहे. दुसरे सुर्ला सत्तरी तालुक्यात, चोर्ला घाटाच्या माथ्यावर, कर्नाटकच्या हद्दीजवळ आहे. तिसरे तांबडी सुर्ला. मोलेच्या जंगलातील तेथील कदंबकालीन महादेव मंदिर इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. नाव एकच, परंतु एक गाव खाणपट्ट्यात, दुसरे घाटमाथ्यावर आणि तिसरे पर्यटनाच्या वाटेवर. गोमंतकीय लोकजीवनाविषयी सरसकट विधाने करणाऱ्यांनी एवढा भूगोल तरी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय घाटमाथ्यावरील सुर्ल्याच्या बाजूने खाली उतरत जाणारा म्हादईच्या खोऱ्याचा प्रदेश हा आहे. त्यातही 'रणमाले' हे लोकनाट्य आणि त्यात गायिली जाणारी 'जत' यांचा येथे विचार केला आहे. रणमाले गोव्यात प्रामुख्याने सत्तरीत आणि त्याला लागून असलेल्या कर्नाटक व महाराष्ट्राच्या डोंगरी गावांत आढळते. म्हणजे त्याची सीमा राज्याची नाही, पाणलोटाची आहे. विनायक खेडेकर यांचा 'लोकसरिता' हा ग्रंथ, डॉ. पांडुरंग फळदेसाई यांचे संशोधन आणि केरी गावात राहून राजेंद्र केरकर यांनी या खोऱ्यातील परंपरांविषयी सातत्याने केलेले लेखन यांमुळे रणमाल्याची माहिती आज उपलब्ध आहे. माहितीची उणीव हा आता मुख्य प्रश्न राहिलेला नाही. जतीचे मूल्यमापन कोणत्या मोजपट्टीने करावयाचे, हा खरा प्रश्न आहे. महाविद्यालयांत लोकसाहित्य शिकविणाऱ्यांपुढे तो दरवर्षी, विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासताना उभा राहतो.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. सत्तरी, डिचोली आणि पेडणे हे तालुके पोर्तुगीजांच्या ताब्यात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. तिसवाडी, बारदेस व साष्टी या जुन्या काबिजादींत १७३६ साली इन्क्विझिशनने धर्मांतरितांची लग्नगीते, वाद्ये आणि घरगुती विधी यांवर बंदीचा हुकूम काढला, तेव्हा हा डोंगरी मुलूख त्या सत्तेच्या कक्षेबाहेर होता. तत्पूर्वी येथे विजापूरच्या आदिलशाहीचा आणि नंतर सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. औरंगजेबाचा मुलगा शहजादा अकबर संभाजीराजांच्या आश्रयाला आल्यावर डिचोलीत राहिला होता आणि तेथील नमाजगाहशी त्याचे नाव जोडले जाते. येथील लोकपरंपरा टिकल्या त्या केवळ 'दुर्गम भाग' म्हणून टिकल्या, हे नेहमीचे विधान त्यामुळे अर्धेच खरे ठरते. डोंगर अडचणीचा होता हे खरे, परंतु या मुलखात सत्ता एकामागून एक आल्या आणि त्यांनी गावाच्या मांडावरचे गाणे थांबविले नाही, हेही तितकेच खरे.

रणमाले शिगम्याच्या दिवसांत, होळीनंतर होते. 'रण' म्हणजे युद्ध आणि 'माले' म्हणजे प्रकाशासाठी लावलेली पारंपरिक ज्योत, अशी या शब्दाची एक व्युत्पत्ती सांगितली जाते. गाणारे एका रांगेत उभे राहतात आणि तीच रांग रंगभूमीचा पडदा होते. घुमट व कासाळे यांच्या साथीने जत गायिली जाते. तिच्या आधाराने रामायण-महाभारतातील प्रसंग आणि लोककथा सादर होतात. भाग घेणारे बहुधा शेतकरी आणि कष्टकरी. शिक्षण घेऊन आलेला नट त्यांत शोधूनही सापडत नाही.

झर्मे आणि करंझोळ या गावांत मात्र या प्रकाराला आणखी एक संदर्भ आहे. तेथे शिगम्यात 'चोरोत्सव' होतो. गावकऱ्यांनी पूर्वी कधी काळी निरपराध माणसांना चोर समजून मारले आणि सत्य कळल्यावर त्याचे प्रायश्चित्त म्हणून हा विधी सुरू झाला, अशी कथा सांगितली जाते. 'चोर' झालेल्या माणसांना जमिनीत अर्धवट पुरले जाते. झर्म्यात चोरोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी रणमाले होणे बंधनकारक मानले जाते. ते न झाल्यास देवीचा कोप होतो, अशी श्रद्धा आहे. या एका तपशिलाकडे समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. आदल्या दिवशी गाव स्वतःला अपराधी म्हणून उभे करते आणि दुसऱ्या दिवशी तेच गाव युद्धकथा गाते. पहिल्याशिवाय दुसऱ्याचा अर्थ लागणे कठीण आहे. तरीही प्रकल्पवह्यांत चोरोत्सव 'विधी' या प्रकरणात जातो आणि रणमाले 'लोकनाट्य' या प्रकरणात. दोहोंच्या मध्ये एक रात्र होती, ती वहीत उतरतच नाही.

जतीवर घेतले जाणारे आक्षेप सर्वांना ठाऊक आहेत. पुनरावृत्ती फार, छंद ढिला, भाषा भेसळीची, आणि पुराणकथेत गावचा भात नि गावचा ओढा शिरलेला. छापील कवितेच्या कसोटीवर हे सर्व आक्षेप खरे आहेत. परंतु ती कसोटी येथे लागू पडते काय, याचा विचार करण्यासाठी उर्दू साहित्यातील एक उदाहरण उपयोगी पडेल.

मर्सिया हा उर्दूतील शोककाव्याचा प्रकार. इ.स. ६८० मधील कर्बलाच्या प्रसंगाभोवती तो उभा राहिला आणि लखनौत मीर अनीस (मृत्यू १८७४) व मिर्झा दबीर (मृत्यू १८७५) यांच्या हाती परिपूर्णतेस पोहोचला. चेहरा, सरापा, रुखसत, आमद, रजज, जंग, शहादत आणि बैन अशी त्याची अंगे मानली जातात. रजजमध्ये योद्धा आपले कुळ व पराक्रम सांगतो, बैनमध्ये शोक. मर्सिया मुहर्रमच्या मजलिसीत वाचण्यासाठी होता. पानावर एकट्याने वाचण्यासाठी तो लिहिला गेला नाही. आणि म्हणूनच दीर्घकाळ उर्दू समीक्षेने त्याला दुय्यम लेखले. 'बिगडा शायर मर्सियागो' ही म्हण त्या काळच्या रसिकांचा कल दाखविते. हालींच्या 'मुकद्दमा'नंतर (१८९३) आणि शिबलींच्या 'मुवाजना-ए-अनीस-ओ-दबीर'नंतर (१९०७) चित्र पालटले. मात्र शिबलींनी अनीसला श्रेष्ठ ठरविले ते मुख्यतः भाषेची सफाई आणि वर्णनशक्ती यांच्या बळावर. मजलिसीतील श्रोता, त्याचा हुंदका, मिंबरावरील वाचकाचा आवाज आणि हातवारे हे सारे त्या तोलात कमी भरले. मर्सियाला साहित्यात प्रतिष्ठेचे स्थान मिळाले खरे, पण त्यासाठी त्याला मजलिसीतून उठून ग्रंथालयात यावे लागले.

अनीसवरही एक आक्षेप घेतला गेला : कर्बलाच्या स्त्रिया अवधच्या घरंदाज बेगमांसारख्या बोलतात, लग्नाच्या रीतीही अवधच्याच आहेत, हे इतिहासाला धरून नाही. इतिहासकाराच्या दृष्टीने आक्षेप योग्य आहे. परंतु लखनौच्या श्रोत्याला परक्या वाळवंटातील दुःख आपल्या अंगणात आणल्याशिवाय रडता आले नसते. रणमाल्यात रामायणातील रान सत्तरीचे होते, ते याच न्यायाने. कथेचे हे गावात उतरणे दोष मानावयाचे असेल, तर अनीसलाही दोषी धरावे लागेल. आणि तसे करण्यास आज उर्दूचा कोणताही जाणता समीक्षक तयार होणार नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ही तुलना श्रद्धांची नाही. कर्बलाचा प्रसंग इतिहासातील आहे, चोरोत्सवाची कथा एका गावाची दंतकथा आहे. दोहोंचे स्थान त्या त्या समाजाच्या मनात सर्वस्वी वेगळे आहे. तुलना आहे ती फक्त रचनेची : वर्षातील ठरलेला दिवस, निरपराधाच्या हत्येची आठवण, आठवण करणाऱ्यांची स्वतःची अपराधभावना आणि त्यातून येणारे सामूहिक गायन. कर्बलानंतर कुफ्यातील ज्यांनी इमाम हुसैन यांना बोलावून ऐनवेळी साथ सोडली होती, त्यांतून 'तव्वाबीन' म्हणजे पश्चात्ताप करणाऱ्यांचा गट उभा राहिला, हे इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहेच. शोक आणि पश्चात्ताप यांचे असे एकत्र येणे झर्म्याच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये.

आता पुनरावृत्तीचा प्रश्न. मिल्मन पॅरी या अमेरिकन विद्वानाने १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियाच्या डोंगरी भागातील गायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यांत अवदो मेजेदोविच हा निरक्षर मुस्लिम गायक होता. व्यवसायाने तो खाटीक. त्याने १९३५ मध्ये बारा हजारांहून अधिक ओळींचे एक आख्यान गाऊन सांगितले. पॅरीचे सहकारी आल्बर्ट लॉर्ड यांनी 'द सिंगर ऑफ टेल्स' (१९६०) या ग्रंथात दाखवून दिले की असे गायक पाठ केलेली संहिता म्हणत नाहीत. ठरावीक शब्दबंध आणि ठरावीक प्रसंग यांच्या साहाय्याने ते गाताना रचतात. छापील वाचकाला जी पुनरावृत्ती वाटते, ती गायकाच्या हातातील अवजार आहे. लॉर्ड यांचे दुसरे निरीक्षण अधिक महत्त्वाचे आहे. तेथील मुस्लिमांत दीर्घ आख्याने टिकली, याचे एक कारण रमजान. महिनाभर रात्री लोक कॉफीघरांत जमत आणि गाणे पहाटेपर्यंत चाले. म्हणजे गाण्याची लांबी कवीच्या प्रतिभेपेक्षा प्रसंगाने ठरत होती. जतीला हाच न्याय लावला पाहिजे. ज्या गाण्याला रात्र भरून काढावयाची आहे आणि नटांना तयारीस वेळ द्यावयाचा आहे, त्याच्यात ओळ फिरून येणारच. ती फिरून येते म्हणूनच रांगेतला नवखा मुलगा तिसऱ्या वेळी सूर धरतो. शाळा म्हणावी ती हीच.

भाषेचा मुद्दा यापेक्षा नाजूक आहे. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान मिळाले आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापरालाही मुभा राहिली. त्या वादाच्या काळापासून लोकगीते ही दोन्ही पक्षांची साक्षीदार झाली आहेत. एक पक्ष म्हणतो, देवळातील आरती, दशावतार, नमन हे सारे मराठीत, तेव्हा संस्कृती मराठी. दुसरा म्हणतो, घरातील बोली, धालोची गाणी, म्हणी हे कोकणी, तेव्हा संस्कृती कोकणी. जत या दोघांनाही सोयीची नाही. तिच्यात मराठी आणि कोकणी एकाच ओळीत नांदतात. घाट चढून गेले की कन्नडचा शेजार सुरू होतो, हेही विसरता येत नाही.

परिणाम असा होतो की गाणे वहीत उतरताना 'दुरुस्त' केले जाते. मराठीच्या विद्यार्थ्याच्या हातून 'आयलो'चा 'आला' होतो, 'खंय'चा 'कुठे' होतो. कोकणीच्या विद्यार्थ्याच्या हातून याच्या उलट. दोघेही प्रामाणिक असतात. कित्येकदा शिक्षकच शुद्धलेखनाचे गुण कापतो, म्हणून मुले तसे करतात. तिसरी चाळण फारसी-अरबी शब्दांची. युद्धवर्णनाच्या मराठी लोकरचनांत, विशेषतः पोवाड्यात, फौज, निशाण, खबर, हुकूम हे शब्द सहज येतात. रामायणाच्या प्रसंगात ते 'शोभत नाहीत' म्हणून सैन्य, ध्वज, वार्ता, आज्ञा घालावयाचे, ही सवय संग्राहकांत जुनी आहे. गायकाला मात्र हे शब्द कोणत्या भाषेतून आले याच्याशी कर्तव्य नसते. लढाई म्हटली की फौज आली, एवढेच त्याला ठाऊक.

दख्खनी उर्दूच्या अभ्यासकाला ही अवस्था अपरिचित नाही. दख्खनीलाही दिल्ली-लखनौच्या शुद्धतेच्या कसोटीवर दीर्घकाळ अशुद्ध ठरविण्यात आले. व्याकरणात मराठीचा 'च' येतो म्हणून ती हास्यास्पद मानली गेली. या दख्खनीत 'चक्कीनामा' नावाचा प्रकार आहे. रिचर्ड ईटन यांनी 'सूफीज ऑफ बिजापूर' (१९७८) या ग्रंथात त्याची चर्चा केली आहे. विजापूरच्या परंपरेतील सूफींनी स्त्रियांनी दळताना म्हणावीत अशी गीते रचली. जात्याच्या खुंट्यात 'अलिफ'चे रूप पाहावे, दळण्याच्या लयीत नामस्मरण व्हावे, अशी त्यांतील कल्पना. मराठी ओवीत विठ्ठल जनाबाईच्या जात्याशी बसतो, हे महाराष्ट्रातील प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. परंतु एकाच आदिलशाही मुलखात एका घरात ओवी आणि दुसऱ्या घरात चक्कीनामा अशी दोन जाती फिरत होती, हे ना मराठीच्या अभ्यासक्रमात येते, ना उर्दूच्या. रा. चिं. ढेरे यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' लिहून आणि यू. म. पठाण यांनी संतसाहित्यावर आयुष्यभर काम करून लिखित परंपरेपुरती ही भिंत बरीच खाली आणली. मौखिक परंपरेत ती अजून तशीच उभी आहे.

डिचोलीसारख्या तालुक्यात हे काम करण्यास पुष्कळ वाव आहे. विजापूरचा अंमल येथे होता, मशिदी आहेत, मुस्लिम वस्ती आहे, आणि त्याच पंचक्रोशीत पौषात स्त्रिया मांडावर समोरासमोर दोन रांगा करून धालो खेळतात. रणमाल्यात पुरुषांची एक रांग, धालोत स्त्रियांच्या दोन. लोकसाहित्याच्या पुस्तकांत पहिले 'नाट्य' आणि दुसरे 'गीत-नृत्य' म्हणून स्वतंत्र प्रकरणांत पडतात. वास्तविक धालोच्या अखेरच्या रात्री स्त्रिया सोंगे घेतात आणि तेही नाट्यच असते. पण ते स्त्रियांनी, बहुतांशी स्त्रियांसमोर केलेले, म्हणून त्याला नाट्य म्हणण्यास लेखणी कचरते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

वाद्याकडे तर साहित्याचे शिक्षक पाहतच नाहीत. घुमट हे दोन्ही बाजूंनी उघडे मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर कातडे चढवितात आणि लहान तोंडावर हात ठेवून हवेचा दाब कमीजास्त करतात. त्या हाताने नादाची खोली ठरते. भांडे कुंभाराचे, आणि डिचोलीचे कुंभारकाम गोव्यात प्रसिद्ध आहे. कातडे परंपरेने घोरपडीचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीच्या शिकारीला बंदी आली, आणि ती योग्यच आहे. आता बकरीचे कातडे वापरले जाते. २०१९ मध्ये गोवा शासनाने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले. या सर्व घडामोडींत एक साहित्यिक प्रश्न दडलेला आहे. जतीची ओळ कोठे तुटते, कोठे लांबते, हे घुमटाच्या ठोक्यावर अवलंबून असते. कातडे बदलले की नाद बदलतो, आणि वादकाला हात बदलावा लागतो. जतीचा 'ढिला छंद' मात्रा मोजून तपासणाऱ्यांनी एकदा घुमटासह ती ऐकली, तर बऱ्याच मात्रा ओळीत नसून मडक्यात असल्याचे त्यांच्या लक्षात येईल.

रणमाले अलीकडच्या काळात महोत्सवांच्या मंचावरही येते. ठरलेला वेळ, प्रकाशयोजना, ध्वनिक्षेपक. याविषयी नाक मुरडण्याचे कारण नाही. सत्तरीतील तरुणाला पणजीत टाळ्या मिळतात आणि थोडे मानधनही मिळते, ही लहान गोष्ट नव्हे. खाणींची कामे २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये थांबल्यानंतर डिचोली-सत्तरीच्या अनेक घरांना उत्पन्नाचे मोल वेगळ्याने कळले आहे. परंतु समीक्षकाने मंचावरचे रणमाले पाहून रणमाल्यावर लिहू नये. मंचावर ते न झाले तर कोणाचेही काही बिघडत नाही. झर्म्यात न झाले तर गाव वर्षभर धास्तावते. एकाच संहितेचे हे दोन प्रयोग वाङ्मयीन दृष्ट्या एक नाहीत. पहिल्यात प्रेक्षक आहे, दुसऱ्यात प्रेक्षक असा कोणी नाहीच. जो गात नाही तोही त्या गावाचा, आणि म्हणून त्या जुन्या अपराधाचा वाटेकरी.

तेव्हा ज्या शिक्षकांच्या हाती विद्यार्थ्यांच्या वह्या येतात, त्यांनी गाण्याच्या मजकुराआधी काही साध्या नोंदी मागाव्यात. गाव कोणते आणि ते कोणत्या खोऱ्यात, तिथी कोणती, आदल्या दिवशी गावात काय झाले, रांगेत किती जण आणि त्यांतले नवखे किती, घुमटाचे भांडे कोठले आणि कातडे कशाचे, कोणती ओळ किती वेळा फिरली. भाषा ऐकली तशी लिहावी, शुद्धलेखनाचे गुण या वहीत कापू नयेत. फौज असेल तर फौजच राहू द्यावी. उर्दू विभाग आणि मराठी विभाग एकाच महाविद्यालयात असतील, तर एका वर्षी चक्कीनामा व जात्यावरची ओवी आणि पुढच्या वर्षी मर्सियाचे वाचन व जत असे विषय दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांना मिळून द्यावेत. यासाठी वेगळा निधी लागत नाही. शिगमा जवळ आला की घाटाकडे जाणाऱ्या गाडीचे भाडे, आणि रात्र जागण्याची तयारी, एवढे पुरते.